तुम्ही विचारलंत म्हणून: राखणदाराचा सैतान

तुम्ही ख्रिस्ती लोक आमच्या देवांना सैतान म्हणता का, आणि का, हा प्रश्न मला बहुतेक वेळा गणपतीत विचारला जातो. सोसायटीची आरती संपते, हातावर मोदक पडतो, मी तो तोंडात टाकते आणि शेजारची बाई मोकळी होऊन म्हणते, "अगंबाई, तुम्ही खाता होय! मला वाटलं तुमच्यात आमच्या देवांना सैतान म्हणतात." स्टाफरूममध्ये हाच प्रश्न जरा धार लावून यायचा. वर्गातली एखादी मुलगी तास संपल्यावर मागे रेंगाळून खालच्या आवाजात विचारायची. आणि पलीकडच्या बाजूनं माझाच मावसभाऊ, जो हल्ली रोज रात्री फोनवर प्रार्थनेला बसतो, तो विचारतो, "तू ते खाल्लंस? पौलानं काय लिहिलंय ठाऊक आहे ना?" (पौल म्हणजे बायबलातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत तो प्रेषित.)

तीस वर्षं इतिहास शिकवला. या प्रश्नाला मी आजवर तीन उत्तरं दिली. ज्या त्या वयात प्रत्येक उत्तर पक्कं वाटलं होतं. आज एकही धड उभं राहत नाही. तरी लिहून ठेवते. पुढच्या गणपतीत हेच पाठवून देईन आणि मोदक गरम असताना खाईन.

आधी कबुली. हो, म्हणतात. सगळे नाही आणि सगळीकडे नाही. १९६५ साली व्हॅटिकनच्या परिषदेनं लिहून दिलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही; त्या मजकुरात हिंदू धर्माचं नावही आहे. पण रोममधला ठराव आमच्या पडवीपर्यंत पोचायला वेळ लागतो. तो पोचायच्या आधी जे घडलं ते सांगते, कारण माझी तिन्ही उत्तरं तिथूनच निघालीत.

आम्ही सावंतवाडीकडचे कॅथलिक. पूर्वज गोव्यातल्या बार्देसातून वर आलेले. घरात कोंकणी, वईपलीकडे, म्हणजे कुंपणापलीकडे, मालवणी, शाळेत मराठी. तिन्हींत मिळून एक शब्द असा होता की तो वई ओलांडताना उलटा व्हायचा: देवचार. आमच्या घरात देवचार म्हणजे सैतान. दूध उतू गेलं की माझी शामाय, म्हणजे आजी, "देवचारा!" म्हणून स्वतःवरच करवादायची. वईपलीकडच्या काकीकडे देवचार म्हणजे राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री गावाची वेस धरून चालणारा. चुकलेल्या गुराला वाटेवर आणून सोडणारा. त्याच्या जागेवर नारळ ठेवायचा, विडी ठेवायची.

मी अकरा वर्षांची होते. मृगाच्या पावसात ताप भरला तो उतरेना. डॉक्टरांची औषधं चालू होती, शामायचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू होता, आणि मला माहीत नव्हतं पण काकीनंही देवचाराला गाऱ्हाणं घातलं होतं. नवव्या-दहाव्या दिवशी ताप गेला. दोन दिवसांनी मी पडवीत बसले होते, पायावर शाल, आणि काकी आली. हातात केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर गूळखोबरं. खोबऱ्याची कड अजून तपकिरी होती, पाठ काढलेली नव्हती. गूळ पावसाळी हवेनं पाझरून पानाच्या शिरेत उतरला होता. "देवचाराचा आसा, खा," म्हणाली. नवस फेडून आली होती, अंगावर पाऊस होता.

मी तेव्हा नुकतीच दोतोर्नला, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, जाऊ लागले होते. पहिला नंबर माझाच. मी ताठ बसून सांगितलं की देवचाराचं आम्ही खात नाही, देवचार म्हणजे सैतान, आणि तुम्ही त्याला नारळ दिलात तर तुम्हीही नरकात जाल. हे शेवटचं मी पदरचं घातलं होतं. कोणी शिकवलं नव्हतं.

काकी रागावली नाही. ती म्हणाली, "अगो, तो राखणदार. तेना तुका राखल्यान." मग हातातल्या पानाकडे बघत राहिली. आता याचं काय करायचं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. दुसऱ्याच्या नावानं बोललेला प्रसाद परत घरी न्यायचा असतो का, हे तिलाही ठाऊक नसावं. तिनं पानाची चारी टोकं एकावर एक दुमडली, मुठीत धरली आणि वईच्या भोकातून वाकून गेली. पोलक्याची पाठ भिजून काळी झाली होती, तेवढं आठवतं.

मी शामायला अभिमानानं सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल वाटलं होतं. शामाय दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "कोणें सांगलें तुका?" तिनं विचारलं. सैतानाबद्दल कोणी सांगितलं हे ती विचारत नव्हती. तिला विचारायचं होतं, तोंडावर बोलायला कोणी सांगितलं. मग तिच्याकडून कळलं ते असं. काकीच्या सासूच्या वेळेपासून त्या घरून देवाचं काही आलं की आमच्याकडे ते दोन्ही हातांनी घेत, डोक्याला लावल्यासारखं करत, आत नेत, आणि मागल्या दारी कोंबड्यांना घालत. साठ-सत्तर वर्षं. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. काकीला ते ठाऊक असणार याची शामायला जवळजवळ खात्री होती, कारण कोंबड्यांचं खुराडं वईला लागूनच होतं. "खायचं नाही ते वेगळं आणि सांगायचं नाही ते वेगळं," असं ती म्हणाली. त्या रात्री तेर्स संपल्यावर तिनं एक जास्तीची प्रार्थना म्हटली. माझ्यासाठी होती की काकीसाठी, मी कधी विचारलं नाही.

काकीचं येणं थांबलं नाही, आणि हेच मला अजून सोसत नाही. फणस आला, सोलं आली, घावणे आले. पण त्या दिवसानंतर प्रत्येक वेळी वईवरून हात पुढे करताना ती आधी एक वाक्य म्हणायची: "ह्या देवाक दाखवूक नाय हां." न विचारता. टोमणा नव्हता तो. औषधाच्या बाटलीवर सूचना असते तसं.

तर, उत्तरं.

पंचविशीत माझं उत्तर होतं: भाषांतराची चूक. बायबलातल्या ९६व्या स्तोत्रात मूळ हिब्रूत आहे की राष्ट्रांचे सगळे देव 'एलिलीम' आहेत. देवाला शब्द 'एलोहीम'. त्याचीच चेष्टा करून 'एलिलीम', म्हणजे फुसके, पोकळ, काहीच नाही. मराठी बायबल तिथं नुसतं 'मूर्ती' म्हणतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातल्या ज्यू लोकांनी आपली शास्त्रं ग्रीकमध्ये आणायला घेतली, कारण पोरांना हिब्रू येईनाशी झाली होती. न्यू जर्सीतली तुमची नातवंडं डोळ्यांपुढे आणा. त्या ग्रीक स्तोत्रात 'एलिलीम'च्या जागी 'दायमोनिया' आला. 'काहीच नाही' होतं तिथं कोणीतरी येऊन बसलं. लॅटिन बायबलात तोच शब्द उतरला. जेरोमनं पुढे थेट हिब्रूवरून भाषांतर करताना तिथं 'कोरीव मूर्ती' असं दुरुस्त केलं, तरी चर्चमध्ये गात राहिले ती जुनीच ओळ.

आणि 'दायमोन' हा शब्द तेव्हा शिवी नव्हता. होमर तो चक्क देवांना लावतो. हेसिओद हा जुना ग्रीक कवी सांगतो की सुवर्णयुगातली माणसं मेल्यावर दायमोन झाली; ती धुकं पांघरून पृथ्वीवर फिरतात आणि माणसांची राखण करतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ग्रंथालयात होते. पुस्तक मिटलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. धुकं पांघरून, घोंगडी पांघरून. सॉक्रेटिसला आतून 'हे करू नकोस' म्हणून अडवणारा आवाज तो त्याचं 'दायमोनिऑन' म्हणायचा, आणि इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये त्याला विष दिलं त्या आरोपपत्रात 'नवी दायमोनिया आणतो' असं एक कलम होतं. प्लेटोकडे प्रेम हा दायमोन आहे, देव आणि माणूस यांच्यामधला निरोप्या.

हिब्रूकडूनही तेच. अनुवाद नावाच्या पुस्तकात (हो, बायबलात या नावाचं पुस्तक आहे, आणि या प्रकरणात ते नाव मला दर वेळी हसवतं) ३२व्या अध्यायात तक्रार आहे की लोकांनी 'शेदीम'ना बळी दिले, जे देव नव्हेत. हा शब्द बाबिलोन-अश्शूरकडच्या 'शेदू'चा नातलग. शेदू म्हणजे रक्षक सत्त्व. राजवाड्यांच्या दारांत उभे असलेले ते पंखांचे, माणसाच्या तोंडाचे बैल त्याच्याच नावानं ओळखले जातात. म्हणजे तिकडेही दारावरचा राखणदारच. शेदू, दायमोन, देवचार: तिन्हींना राखणीवरून काढलं आणि चोर ठरवलं.

हे उत्तर मला फार आवडायचं. त्यात कोणी दोषी नव्हतं. दोन हजार वर्षांपूर्वी एका लेखनिकाचा शब्द चुकला, त्याचं खापर अकरा वर्षांच्या मुलीवर कसं फोडणार? व्याख्यानात मी हे सांगितलं की लोक खूश व्हायचे. हिंदू श्रोते खूश, आमचे फादर खूश.

पंचविशीतल्या त्या बाईला आता माझं म्हणणं असं आहे: बाई, भाषांतरकार झोपेत नव्हता. 'शेदीम'चंही त्यानं 'दायमोनिया'च केलं. त्याच्या आसपासच्या ज्यू समाजात हनोख या बायबलातल्या पुराणपुरुषाच्या नावावरची एक कथा फिरत होती: दोनशे देवदूत हर्मोन डोंगरावर उतरले, माणसांच्या मुलींशी त्यांनी लग्नं लावली, राक्षसी संतती झाली, आणि ती संतती मेल्यावर तिचे आत्मे पृथ्वीवर भटकत राहिले. लोक ज्यांना देव म्हणून बळी देतात त्यांच्यामागे हेच आहेत, असं त्या गोष्टीचं म्हणणं. हे पुस्तक आमच्या बायबलात नाही, इथिओपियाच्या चर्चनं मात्र ते ठेवलंय. तेव्हा चूक म्हणून सुटका नाही. चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. ही पसंत पडली म्हणून टिकली.

शिवाय अर्धं काम खुद्द ग्रीकांनीच करून ठेवलं होतं, आणि हे सांगितलं की माझा मावसभाऊ गप्प होतो. देव तर चांगलेच असणार. मग देवळांत रक्त कशाला, मारझोड करणारे विधी कशाला, देवांच्या लफड्यांच्या गोष्टी कशाला? प्लेटोच्या शिष्यपरंपरेतल्या झेनोक्रातीसनं तोड काढली: दायमोनांत चांगले असतात तसे वाईटही असतात, हे सगळं त्या वाईटांचं. प्लुटार्क तर डेल्फीचा पुजारी, त्यानंही देवांची अब्रू वाचवायला हीच वाट धरली. पुढे पॉर्फिरी, जो ख्रिस्ती लोकांचा कट्टर विरोधक, त्यानं लिहिलं की बळीच्या धुरावर पोसले जातात ते दुष्ट दायमोन. ख्रिस्ती पंडितांना आयतं कोलीत मिळालं. त्यांनी फक्त चांगल्या दायमोनांची रांग खोडली.

आमच्याकडे तुकोबांनी नाही का जाखाई-जोखाईला, वेताळाला एका अभंगात झाडून काढलं? पारशी धर्मात तर खुद्द 'देव' हाच शब्द दुष्टांना लावतात. हे मी वादात हटकून काढते. काढून झाल्यावर मात्र मनात येतं, तुकोबा आपल्या घरातल्या माणसांशी बोलत होते. मी वईपलीकडे बोलले होते.

तर दुसरं उत्तर, चाळिशीतलं: भीती. हे ज्यांनी लिहिलं ते राज्यकर्ते नव्हते, त्यांना फासावर नेत होते. इसवी सन २४९-५० मध्ये सम्राट डेशियसनं हुकूम काढला की साम्राज्यातल्या प्रत्येकानं देवांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले मिळालेत. मजकूर सरकारी, साचेबंद: मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आणि आताही तुमच्यासमोर बळी दिला, अर्घ्य ओतलं, नैवेद्य चाखला, तरी तसं प्रमाणित करावं, ही विनंती. खाली समितीच्या माणसाची सही. एक दाखला मगरदेवाच्या पुजारणीचा आहे. देवाचीच पुजारीण, तिलाही रांगेत उभं राहून 'मी देव मानते' असा कागद आणावा लागला. सरकार कुठलंही असो.

'नैवेद्य चाखला.' बघा, घोटाळा तिथं आहे. मनात काय आहे हे सरकार विचारत नव्हतं, तोंडात काय गेलं ते बघत होतं. अशा दिवसांत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन एक प्रसंग लिहून ठेवतो, आपल्या डोळ्यांदेखतचा म्हणून. आईबाप छळाच्या धास्तीनं पळाले, तान्ही मुलगी दाईकडे राहिली. दाई तिला अधिकाऱ्यांकडे घेऊन गेली. मांस खायचं वय नव्हतं म्हणून त्यांनी वाइनमध्ये भिजवलेली भाकर तिच्या तोंडात घातली, देवाला दाखवलेली. पुढे आई परतली, काही न कळता मुलीला प्रार्थनेला घेऊन आली. मूल रडू लागलं, अंग टाकू लागलं. पवित्र प्याला समोर आला तसं तिनं तोंड फिरवलं, ओठ घट्ट मिटले. सेवकानं जबरदस्तीनं दोन थेंब पाजले, तिनं ते ओकून टाकले. सिप्रियनचा निष्कर्ष असा की विटाळलेल्या तोंडात ख्रिस्ताचं रक्त टिकेना.

मी दोन मुलं वाढवली आहेत. गर्दीत, उकाड्यात, अनोळखी माणसानं तोंडाशी आंबट काही धरलं तर तान्हं मूल काय करेल ते मला सैतानाशिवाय समजतं. पण सिप्रियनवर हसताही येत नाही. त्याच्या ओळखीची माणसं तुरुंगात मरत होती, आणि २५८ मध्ये त्याचंही मुंडकं उडवलं गेलं. ज्याच्या नावानं तुमच्या माणसांना मारतात त्याला तुम्ही 'काहीच नाही' कसं म्हणणार? 'काहीच नाही' माणसं मारत नाही.

हे उत्तर मी बरीच वर्षं दिलं, आणि लोक हळहळायचे. मग एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "मॅम, पण नंतर?" नंतर काय, ते मी पुढच्याच तासाला शिकवणार होते. ३९१-९२ मध्ये ख्रिस्ती सम्राट थिओडोसियसनं बळी आणि देवळं बंद केली, त्याच सुमाराला अलेक्झांड्रियातलं सेरापिस देवाचं देऊळ पाडलं. पाडणाऱ्यांच्या तोंडी शब्द तेच होते जे दीडशे वर्षांपूर्वी कोठडीतल्या माणसांच्या तोंडी होते. आणि १५६७ मध्ये गोव्यातल्या साष्टीतली देवळं पाडली तेव्हा तर भीतीचं नावही नव्हतं, राज्य पोर्तुगीजांचं होतं. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. पाडणाऱ्यांच्या लॅटिन स्तोत्रात ती ओळ होतीच: राष्ट्रांचे सगळे देव डेमोनिया. मग भीतीचं उत्तर कुठवर ताणायचं?

त्यातही एकसारखेपणा नाही. इसवी सन ६०१ मध्ये पोप ग्रेगरीनं इंग्लंडमधल्या केंटच्या राजाला लिहिलं की देवळं मोडून टाक. काही आठवड्यांत त्याचं मन बदललं आणि त्यानं मागून दुसरं पत्र धाडलं: देवळं पाडू नका, मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, आत वेदी मांडा; आणि लोक बैल कापून जेवतात तर जेवू द्या, देवाच्या नावानं जेवोत. त्याच्याही आधी पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या मार्टिन बिशपचा आक्षेप वारांच्या नावांवर होता. मंगळ, बुध, गुरू ही सैतानांची नावं, ती आठवड्याला कशाला? पोर्तुगीजमध्ये आजही सोमवार म्हणजे 'दुसरा', मंगळवार 'तिसरा'. त्याचं श्रेय त्यालाच देतात. माझी शामाय कोंकणीत मात्र आयुष्यभर सोमार, मंगळार, बुधवारच म्हणत आली. सैतान आठवड्यातून इतक्यांदा घरात यायचा आणि कोणाला पत्ता नव्हता.

तिसरं उत्तर पन्नाशीतलं, आणि ते मला अजूनही थोडं पटतं. ज्यांनी हे लिहिलं त्यांतले कितीतरी जण त्याच देवांच्या घरात वाढलेले होते. जस्टिन हा ख्रिस्ती लेखक आजच्या पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसचा, ख्रिस्ती घरातला नव्हे. इसवी सन १५०च्या पुढे रोममध्ये बसून त्यानं सम्राटाला लिहिलं की दायमोनांनी लोकांना भेडसावलं, लोकांनी त्यांनाच देव मानलं, सॉक्रेटिसनं ते उघड केलं म्हणून त्याला नास्तिक ठरवून मारलं, आणि आता आम्हालाही नास्तिक म्हणता. तर्तुलियन या दुसऱ्या ख्रिस्ती लेखकानं तर सरळ म्हटलं की आम्ही तुमच्यातलेच, ख्रिस्ती जन्मत नाहीत, घडतात. त्या काळच्या एका संवादात रोमजवळच्या ओस्तियाच्या किनाऱ्यावर फिरायला निघालेल्या मित्रांपैकी एकाला वाटेत सेरापिसची मूर्ती दिसते आणि त्याचा हात आपोआप ओठांशी जातो. रिक्षातून देऊळ दिसलं की तुमचा जातो तसाच. वादाला तोंड तिथूनच फुटतं. लहानपणी ज्याच्यापुढे असा हात गेलाय, ज्याच्या नावानं आईनं ताप उतरवलाय, त्याला 'दगड' म्हणता येत नाही, कारण तो दगड नव्हता हे अंगाला माहीत असतं. मग एकच उरतं. होता, पण वाईट होता. माझ्या बार्देसच्या पूर्वजांनीही हेच केलं असणार. त्यांना देवचार विसरायचा असता तर शब्द टाकून दिला असता. त्यांनी तो घरात ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं.

हे सुंदर आहे, नाही का? म्हणूनच मला त्याचा संशय येतो. यात काकी कुठे आहे? सगळं आमच्याच मनाबद्दल. सेल्सस नावाच्या एका ग्रीकानं इसवी सन १७८च्या सुमारास साधा मुद्दा मांडला होता: मोठ्या राजाचे सुभेदार असतात, अंमलदार असतात, त्यांना मान दिल्यानं राजाचा अपमान होतो का? आपल्या भाषेत, कलेक्टरला मानता म्हणून तलाठ्याला नमस्कार करायचा नाही? काकीचं म्हणणं यापेक्षा वेगळं नव्हतं. तिनं येशूला कधी नाकारलं नाही, नाताळात आमच्या गोठ्यातल्या बाळापुढे ती जास्वंद ठेवायची. सेल्ससचं पुस्तक नाहीसं झालं. ऑरिजेन या ख्रिस्ती पंडितानं सत्तर वर्षांनी त्याचं खंडन करताना जे उतरवून घेतलं तेवढंच उरलं. काकीचं म्हणणंही माझ्याकडूनच ऐकावं लागतंय तुम्हाला.

राहिला पौल, मावसभावाचा पौल. करिंथकरांना, म्हणजे करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या एकाच पत्रात तो ८व्या अध्यायात म्हणतो की मूर्ती म्हणजे जगात काहीच नाही, आणि १०व्यात म्हणतो की ते बळी भुतांना देतात, प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला दोन्ही पिऊ नका. मराठी बायबलात 'दायमोनिया'ला 'भुतं' म्हटलंय. त्याच मराठीत ज्ञानदेवांनी भूतांचं परस्परांत मैत्र मागितलंय. शब्दाला काय, तो दोन्हीकडे राहतो. पौल स्वतः अथेन्सला गेला तेव्हा तिथले लोक त्याच्याबद्दल काय म्हणाले ते बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे: हा कुठल्यातरी परक्या दायमोनियांचा प्रचार करतोय. त्यांच्या लेखी येशू हाही एक दायमोनिऑनच होता, आणि ते नावं ठेवत नव्हते.

पण १०व्या अध्यायातला पुढचा भाग मावसभाऊ वाचत नाही. त्या काळी करिंथात बाजारातलं मांस बरंचसं देवळातून यायचं, आणि जेवणावळीही देवळात. इजिप्तमध्ये मिळालेल्या दुसऱ्या शतकातल्या एका चिठ्ठीत खैरेमोन नावाचा माणूस बोलावतोय: उद्या १५ तारखेला, दिवसाच्या नवव्या तासाला, सेरापिसच्या देवळात, प्रभू सेरापिसच्या पंगतीला जेवायला या. सत्यनारायणाच्या पत्रिकेसारखी, दीड ओळीची. अशा गावात पौल सांगतो: बाजारात जे मिळतं ते खा, विचारत बसू नका. कोणी घरी बोलावलं तर समोर येईल ते खा. फक्त एखाद्यानं सांगितलं की 'हे देवाला दाखवलेलं आहे', तर खाऊ नका, सांगणाऱ्यासाठी.

शामायनं करिंथकरांचं पत्र कधी वाचलं नव्हतं, तिला वाचता येत नव्हतं. पण न विचारता घ्यायचं हे तिला ठाऊक होतं. काकीला माझ्यामुळे उरलेलं अर्धं कळलं: सांगायचं. फक्त तिनं ते उलटं सांगितलं.

शामाय गेली, नंतर बऱ्याच वर्षांनी काकीही गेली. मी दोन्ही वेळा पुण्यात होते. काकीच्या वेळी परीक्षा चालू होत्या, हे कारण खरं आहे.

गेल्या मे महिन्यात घर उघडायला गेले. वईच्या जागी आता चिऱ्याची भिंत आहे, पण मधे माणूस वाकून जाईल एवढी फट ठेवलीय. काकीची सून आली, माझ्याहून वयानं लहान, आमच्या घरच्या कुठल्याच जुन्या गोष्टी तिला ठाऊक नाहीत. दुकानाच्या पिशवीत सोलं आणली होती, वर दोन घावणे. पिशवी पुढे करून म्हणाली, "ह्या देवाक दाखवूक नाय हां."

मी विचारलं, असं का सांगतेस? ती गोंधळली. "काय म्हायत नाय. तुमच्या घराक काय दिलंय तर ह्या सांगूचा, असा सासू सांगान गेली."

घावणे गरम होते. मी पिशवी घेतली, दोन्ही हातांनी.